सगळ्यात लहान ठसा

बहारीनमधल्या मनामा शहरातल्या शाळेच्या प्रदर्शनाला अर्धा तास उरला होता आणि फ्लेव्हियाच्या अंगाची लाहीलाही होत होती. सुट्टीत पप्पांबरोबर पाहिलेला राजस्थानातला वाळवंटी किल्ला तिने चार्टवर हौसेने मांडला होता: आरसेमहाल, झरोके आणि महाद्वारातले, सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे. मिसनी नेमका ठशांचाच फोटो उचकटून तिथे नाचरा मोर चिकटवला होता. "चीफ गेस्ट येतायत, फ्लेव्हिया. महाल दाखव, राण्यांचे दागिने दाखव. हे अशुभ कशाला?" "मिस, सगळ्यात लहान ठशावर मी हात ठेवून पाहिला. माझ्याच मापाचा निघाला! आणि गाइड म्हणतो, राण्या हसत गेल्या. हसत?" "खलास! विषय बंद," म्हणत मिस वळल्या. फ्लेव्हियाने लाल रंगाची बाटली तळहातावर उपडी केली आणि मोराच्या पिसाऱ्यावर पंजा दाणकन उमटवला. खाली लिहिलं: वय पंधरा. ही हसत गेली नाही.