कोपऱ्यातली हालचाल

लॅपटॉपवर पुन्हा लाल चौकट उमटली आणि नवनाथनं कपाळाला हात लावला. सकाळपासूनची एकशे बारावी. बिबट्या एकही नाही, सगळा वाऱ्यानं हलणारा ऊस.

कारखान्यात डबल शिफ्ट चालू होती, त्यामुळे तो दोन आठवडे शिक्रापूरच्या खोलीवरच अडकला होता. घर इनामगावला, अंगणाला लागून ऊस. शेजारची शेळी बिबट्यानं नेल्यापासून चार वर्षांची सायली दिवसभर कडी लावलेल्या घरात रडत होती. वनखात्याकडं पिंजरा मागायचा तर बिबट्याचा फोटो हवा, असं सरपंच म्हणाले होते. म्हणून त्यानं बायकोकडून गोठ्याच्या खांबाला जुना मोबाइल बांधून घेतला आणि त्यावरून लॅपटॉपवर येणारी चित्रं तपासणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. काही हललं की चौकट. त्यासाठी लागणारी ओपनसीव्ही ही तयार कोडची लायब्ररी फुकट मिळते. डोकं मात्र आपलंच खर्ची पडतं.

जुन्या लॅपटॉपला रंगीत चित्रं झेपेनात, म्हणून ती काळी-पांढरी केली. मग धूसर केली, म्हणजे बारीकसारीक ठिपके निघून जातात. चित्रातल्या उसावर काळा पट्टा मारला, म्हणजे तिथं काही हललं तरी प्रोग्रॅमला दिसत नाही. तरी चौकट येतच राहिली, आता चाऱ्याच्या गंजीमागून. तिथं बोटाएवढं दिसणारं जनावर आळसावून पडलं होतं. मधूनच शेपूट हलवायचं.

"खंड्या, मर की तिकडं!" नवनाथ कुत्र्यावर खेकसला. तेही पंचेचाळीस किलोमीटरवरून.

तेवढ्यात बायकोचा, मायाचा फोन आला.

"आवं, झालं का तुमचं? पोरगी दाराला धडका देतीय. आन् रविवारी आमचं आण्णा आलं होतं राहू गावावरनं, त्यांनी..."

"तुझ्या वडलांचं नंतर सांग गं! इथं डोकं फिरलंय माझं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत तिनं फोन ठेवला.

त्यानं रागारागात गंजीच्या कोपऱ्यावरही काळा पट्टा मारला. आणि काय सांगावं, चौकटी थांबल्या! चार तास एकही नाही. आठवड्यात पहिल्यांदाच त्याला हसू आलं. त्यानं लगेच मायाला फोन लावला.

"अंगणात काय सुदिक हलत न्हाई. सोड सायलीला घटकाभर."

कडी निघाल्याचा आवाज आला. मग पैंजणांचा, लांब लांब जाणारा.

"तेवढं खंड्याला बांध," नवनाथ म्हणाला. "सकाळपासनं गंजीमागं पडलाय. नुसता ताप दिला त्यानं."

"खंड्या?" माया म्हणाली. "आवं, बिबट्या खाईल म्हणून आण्णांनी त्याला रविवारीच राहूला न्हेलाय."