आर्वोची लापशी

"मिस्टर लाहटी, अभिनंदन. आता तुम्हाला माझ्याबरोबर तपासणीला यावं लागेल," निळ्या जाकिटातली मुलगी म्हणाली.

आर्वो लाहटी अजून धापा टाकत होता. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत, पंचाहत्तरीपुढच्या गटात, पंधराशे मीटरचं सुवर्ण त्याने नुकतंच मारलं होतं. तपासणीचं नाव ऐकून तो आणखीच खूश झाला.

"चल बाई, हवी तेवढी लघवी घे! खाई त्याला खवखवे. मी काय खाल्लंय? बायकोच्या हातची ओट्सची लापशी!"

कठड्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, इर्माच्या हातून पाण्याची बाटली सुटली.

कारण त्या लापशीत गोळी होती. रोज असायची.

हिवाळ्यात घरी, डुलुथला, डॉक्टरांनी आर्वोचं हृदय तपासलं होतं. "अंगात पाणी साठतंय, पाय सुजायला लागलेत. ही गोळी घेणार असशील तर खुशाल पळ. नसशील तर जिनासुद्धा चढू नकोस," असं त्यांनी बजावलं. पण लघवी होण्याची ती गोळी खेळाडूंना बंद. रीतसर परवानगी मागता येते, असं इर्माने सुचवलं, तर आर्वो उखडला.

"ज्या गोळीवरून मी आपल्या क्लबातल्या वेंडलला बाहेर काढलं, तीच आता चिठ्ठी लावून खाऊ? लोक तोंडावर थुंकतील माझ्या!"

गोळ्यांची बाटली त्याने कचऱ्यात फेकली. इर्माने ती मुकाट्याने उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी कुटून लापशीत मिसळायला लागली. वरून मेपलचा पाक जरा सढळ हाताने.

नवरा म्हणजे हट्टी बोकड, पण लापशीच्या बाबतीत शहाण्यासारखा वागला. वाडगा उचलून तो मागच्या पायरीवर जायचा आणि तळ्याकडे बघत निवांत खायचा. रिकामा वाडगा स्वतः विसळून आणायचा. इथे स्पर्धेच्या गावी, फ्रेस्नोला, भाड्याच्या घरातही तोच रिवाज, फक्त समोर तळं नव्हतं. बाकी म्हातारपणी त्याला नटायची हौस आली होती. कॅलिफोर्नियाच्या या भाजणाऱ्या उन्हातही गुडघ्यापर्यंत लाल मोजे! फिनलंडचे धावपटू घाबरतात म्हणे. झोपतानासुद्धा ते काढत नव्हता.

तपासणीचं उत्तर त्याच्या आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी येणार होतं. तोवर इर्माच्या घशाखाली घास उतरेना. खाणारा मजेत होता, खवखव भरवणारीला सुटली होती.

शर्यतीच्या सकाळी ती एकटीच वरच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी कुणीतरी धपकन बसलं. बघते तर वेंडल. बंदी असली तरी जुना क्लब पळतोय म्हटल्यावर तो आला होता.

"चेहरा का असा? नवरा जिंकतोय ना तुझा?"

इर्माला राहवलं नाही. जगात दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, ते तिने नेमकं वेंडललाच सांगितलं. तो हसला, पण त्यात मजा नव्हती.

"म्हणजे ज्याने मला पकडून दिलं, तो त्याच गोळीवर पळतोय. वा!"

"त्याला ठाऊक नाही, वेंडल. शपथ."

"मलाही ठाऊक नव्हतं, इर्मा. रक्तदाबाची गोळी म्हणून घेत होतो. ऐकलं का त्याने?"

खाली खेळाडू मैदानात येऊ लागले होते.

"जा, सांग त्याला," वेंडल म्हणाला. "नंतर चारचौघांत कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे."

"आत्ता सांगितलं तर स्वतःच जाऊन पदक परत करेल. मग उद्यापासून माझ्या हातचं पाणीही पिणार नाही. ही एक शर्यत पळू दे. संध्याकाळी सांगते."

"आणि नाव?"

"नाव गेलं तर जाऊ दे. माणूस राहील." तिने डोळे पुसले. "गोळी पोटात आहे म्हणून तर त्याला इथवर येऊ दिलं. नसती, तर घराला कुलूप घालून किल्ली तळ्यात टाकली असती."

वेंडलने खिशातून रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. राग होता तिथेच होता, पण रुमाल धुतलेला होता.

तेवढ्यात ग्लेन्डा दिसली. अमेरिकी संघाची व्यवस्थापक ग्लेन्डा, हातात फोन घेऊन, पायऱ्या चढत थेट त्यांच्याकडे येत होती. इर्माने वेंडलचं मनगट घट्ट धरलं. खाली आर्वो रेषेवर येऊन उभा राहिला, लाल मोजे वर ओढत.

"आलं का उत्तर?" वेंडलनेच विचारलं.

"आलं!" ग्लेन्डाला दम लागला होता. "या वयात असा नमुना बघितला नाही, म्हणाले. कसल्याच औषधाचा मागमूस नाही. ताजा नाही, जुनाही नाही. पोरासारखा स्वच्छ आहे तुझा नवरा!"

"सुटलीस गं बाई," वेंडल म्हणाला.

इर्मा उठली. मागची पायरी, विसळलेला वाडगा, झोपतानाही न निघणारे मोजे, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं. आधी चालत, मग बाकांवरून, माणसांना ढकलत ती खाली धावत सुटली. "थांबवा! आर्वोला थांबवा! त्याने गोळी घेतलेलीच नाहीये! एकही नाही!"

पंचाने पिस्तूल उंचावलं होतं. आर्वोला गोंगाटात बायकोचा आवाज तेवढा ओळखू आला. आपल्यालाच चेव देतेय असं वाटून त्याने हसून हात हलवला, आणि बार होताच सगळ्यांच्या आधी सुसाट निघाला.