पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

गतिरोधकावरून गाडी उतरली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी पुन्हा खटखट झालं. मेकॅनिकने काच खाली करून कान दिला. शेजारी घड्याळवाले काका बसले होते. डॉक्टरकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिले.

“येतोय ना?” शेवटी त्यांनी विचारलं.

“येतोय,” मेकॅनिक म्हणाला, आणि त्याने गाडी गॅरेजकडे वळवली.

काकांची ही सेडान पहिल्यांदा आली तेव्हा आवाजाला कारण होतं. जॅकवर घेऊन चाक धरून हलवलं, तर ते म्हाताऱ्याच्या दातासारखं हललं होतं. बॉल जॉइंट गेलेला, खालच्या आर्मचे रबरी बुश फाटलेले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेलाने ओले झालेले. बदलायचंच आहे तर जुन्यासारखं कशाला, गॅसचे शॉक आणि जास्त कडक बुश घालू, वळणावर गाडी झुकणार नाही, असं मेकॅनिकने सुचवलं होतं. काकांनी लगेच मान डोलावली. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. झिजलेल्या भागाचं दुखणं त्यांना समजावून सांगावं लागत नसे.

अलाइनमेंट करून गाडी रस्त्यावर आली, तेव्हा मेकॅनिकला स्वतःचाच अभिमान वाटला होता. खड्डा आला कधी आणि गेला कधी, कळत नव्हतं.

आणि थोड्याच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या अँटी-रोल बारला शॉकशी जोडणारी बोटभर जाडीची लिंक असते, ती वाजत होती. त्याने नट आवळला. आवाज गेला, परत आला. मग त्याने लिंकच नवी घातली. पुन्हा तेच.

समोरच्या गॅरेजवाल्याने एकदा हसत विचारलं, काकांनी गाडी तुझ्याकडेच राहायला ठेवली की काय. मेकॅनिकनेही हसून वेळ मारून नेली, पण बोलणं लागलं. गॅरेज वडिलांनी उभं केलेलं. वडिलांचा हात वेगळाच होता, हे गिऱ्हाइकांच्या तोंडचं वाक्य त्याला वडील गेल्यापासून पाठ झालं होतं.

एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. आई पुन्हा खाली येऊन बसू लागली होती. लग्न होऊन आल्यापासून तिने नवऱ्याच्या बरोबरीने या गॅरेजात उमेदीची वर्षं घातली होती. पण तो गेल्यावर वरच्या खोल्यांतून जिना उतरायलाही ती तयार नसे. आता काउंटरवर बसून फोन घ्यायची, चहा करायची, तो जेवायला वर गेला की तयार गाड्यांवर लक्ष ठेवायची. काकांची गाडी आली की काका तिथेच वाट बघत थांबत, आणि दोघांच्या गप्पा चालत. घड्याळं पुढे धावतात ती कशाने, आणि माणसं मागे राहतात ती कशाने, असलं काहीतरी. एकदा आई मोठ्याने हसली, तेव्हा मेकॅनिक गाडीखालून बाहेर येऊन बघून गेला. तिचं हसणं तो विसरलाच होता.

आज त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च मारला. मागच्या खेपेला आवळल्यावर त्याने नटावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. रेघ तुटली होती. नट फिरला होता, आणि त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

मेकॅनिकने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. फिरवणाऱ्याने नट अगदी बेताने फिरवला होता. वाजेल इतका, पडेल इतका नाही. शेजारच्या बॉल जॉइंटला हातही लावला नव्हता. त्याला गाडी बोलती करायची होती, पाडायची नव्हती. एवढा नाजूक हात कुणाचा असणार?

त्याने काचेतून काउंटरकडे पाहिलं. काका आईच्या मनगटावरच्या घड्याळाची किल्ली फिरवून देत होते.

आधी त्याला राग आला. नट आवळेपर्यंत तो उतरला.

गाडी बाहेर काढून दिल्यावर त्याने काकांना बाजूला घेतलं.

“काका, असला नट आपोआप सैल होत नाही. कुणीतरी पाना लावलाय. ज्याला इथे पुन्हा पुन्हा यायचंय, त्याने.”

काका चक्रावून बघत राहिले.

“आईशी बोलायचं असेल तर सरळ या,” मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला. “त्यासाठी गाडीला कशाला आजारी पाडता? माझी काही हरकत नाही.”

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर काउंटरकडे गेली. आई फडक्याने काच पुसत होती. बंद पडलेलं घड्याळ उघडून आत बघावं, तसं काका तिच्याकडे क्षणभर बघत राहिले.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “पुन्हा नाही होणार.”

संध्याकाळी जेवताना मेकॅनिकने आईला सगळं सांगितलं. काका बिचारे कसे शरमले, आपण कसं सांभाळून घेतलं, आणि आता गॅरेजच्या नावाला बट्टा लागायचा नाही. आईचा घास हातातच राहिला.

“त्यांनी कबूल केलं? आपणच केलं म्हणाले?”

“मान खाली घालून.”

आईने घास ताटात ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, की ती एकदम तरुण दिसायला लागली.

“मग उद्या त्यांना जेवायलाच बोलाव,” ती म्हणाली. “आणि माझ्या शिवणाच्या डब्यात सतरा नंबरचा पाना आहे, तो खाली नेऊन ठेव. मला आता लागायचा नाही.”