म्हातारीची वाट

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी तीन वाटांची पाटी होती आणि नीरजा ती चौथ्यांदा वाचत होती. कड्याची वाट तर नकोच. झऱ्याच्या वाटेवर शेवाळ असणार. तिसरी होती म्हातारीची वाट.

"हीच!" ती म्हणाली. जिथे म्हातारी चालते, तिथे पाच वर्षांची ओवीही चालेल.

वाट दाखवायला आलेल्या हौसामावशी हसल्या. "झ्याक निवडलीत ताई. लेक खूश होनार."

अर्ध्या तासात नीरजाला धाप लागली, तरी चढ काही संपेना. तिने ओवीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की पोरगी वैतागली. "आई, मी काय शेळी आहे का?"

नीरजाला राहवेना. "मावशी, इथून ती म्हातारी कशी हो चढायची?"

"कोन म्हातारी?"

"जिच्या नावाची वाट आहे ती!"

मावशी पोट धरून हसल्या. "अवो, ती चढत न्हाई, उडती! चला, आलंच."

वर पठारभर रुईची झुडपं होती. वारा आला आणि तडकलेल्या बोंडांतून पांढऱ्या, रेशमी म्हाताऱ्या शेकड्यांनी उठल्या. लहानपणी नीरजा फुंकर मारून उडवायची, त्याच!

"आई, सोड ना! दोन्ही हातांनी पकडायच्यात!"

नीरजाने चहूकडे नजर फिरवली. कडा कुठेच जवळ नव्हता. तिने मनगट सोडलं.

तिलाही आता दोन्ही हात लागणार होते.