एकवेळ

कुडाच्या भिंतीतून ऊन आत यायला वेळ लागे. आधी माठाचा काठ उजळे, मग चुलीतली राख. तिथून ते सारवलेल्या जमिनीवरून, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने, खाटेपर्यंत सरके. दानियल रोज ते पाहत बसे. आज ते आईच्या पायांवर येऊन थांबले, आणि पाय कालच्याहून अधिक सुजलेले दिसले.

थोरली बहीण प्रिस्किला पहिल्या जीपने सासरहून आली. हातात फडक्यात बांधलेले पातेले होते.

"सुरतेचा डॉक्टर काय म्हणाला?"

"पुढचा डोस थांबवला," दानियल हळू आवाजात म्हणाला. "गाठीवरचं ते लाल औषध हृदयाला जड जातं. आईचं हृदय अशक्त झालंय."

"सगळ्यांचंच होतं असं?"

"काहींचं. अंगात लोह, जीवनसत्त्वं कमी असली तर जास्त बाधत असावं, म्हणाला. काय खाते, ते विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"तिला भूकच लागत नाही, असं सांगितलं."

हेच त्याने चर्चमध्येही सांगितले होते. उपचार सुरू झाले त्या रविवारी त्याने संकल्प केला होता: गाठ विरेपर्यंत मायलेकरांनी एकवेळच जेवायचे, तेही फक्त नागलीची भाकर आणि मीठ; डाळ, अंडी, मासळी वर्ज्य. आजाऱ्याने उपास धरू नये, असे पाळकांनी त्याला बाजूला घेऊन बजावले होते. तो निरोप त्याने घरी आणलाच नाही. आई सोबत नसेल तर आपल्या एकट्याच्या प्रार्थनेत बळ उरणार नाही, अशी त्याला भीती वाटली होती.

"तू खुशाल धर उपास," प्रिस्किला फडके सोडत म्हणाली. "असाच वाळत गेलास तर पोरगी कोण देणार तुला, एवढाच प्रश्न. तिला मात्र औषध समजून दोन घास भरव."

झाकण निघाले. अंड्यांच्या कालवणाचा वास घरभर झाला. हिरीबाईने डोळे उघडले, खाटेची कड धरून ती कष्टाने उठून बसली, आणि पातेल्याकडे न पाहता आधी मुलाकडे पाहू लागली.

"दानू, आज चालेल का रे मला?"

प्रिस्किलाचा हात पळीवरच थांबला. तिने भावाकडे पाहिले. त्याने होकारार्थी मान हलवली.

हिरीबाई जेवू लागली. तिला धाप लागत होती, तरी ती थांबत नव्हती. दुसरे अंडे तिने मागून घेतले. ताटलीच्या कडेला लागलेला रस्सा बोटाने निपटला आणि रिकामी ताटली, काहीशा संकोचाने, पुन्हा लेकीपुढे धरली.

आईला रोज भूक लागत होती.