बारशाआधी

"बाळाचं नाव सांगा," यंत्र पुन्हा म्हणालं.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या त्या मुलीची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तिची फुप्फुसं उघडणारं औषध यंत्राच्या पोटात तयार होतं, पण नाव कळल्याशिवाय यंत्र कुणासाठीच औषध सोडत नसे.

"बारशाआधी नाव कसं ठेवायचं?" बाप रडकुंडीला आला.

"मग आत्ताच करा बारसं!" सिस्टर दुर्वे खेकसल्या. "कुठाय आत्या?"

आत्या धावत आली. काचेच्या पेटीत वाकून तिनं रीतीप्रमाणे मुलीच्या कानात अगदी हळू नाव सांगितलं.

"ऐकू आलं नाही. बाळाचं नाव सांगा."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो आत्याबाई, तिच्या नाही, आधी या मेल्याच्या कानात ओरडा!"