दुप्पट वेगाचं गाणं

स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने चिवचिवत होतं आणि बागेच्या कट्ट्यावर उभी राहून शाल्मली घाईघाईने ओठ हलवत होती. समोर मैत्रीण मोबाइल धरून उभी. सातवीच्या वर्गाने बसवलेल्या गाण्याचा हा व्हिडिओ गॅदरिंगला सगळ्या शाळेसमोर लागणार होता.

"अगं, गाण्याची पार चिमणी झालीये! लोक हसतील गं तुला," तिची आई, मेघना, बाकावरून म्हणाली.

"आई, तू फक्त बस ना."

तेवढ्यात पोरीने उडी घेतली. कमरेएवढ्या कट्ट्यावरून! मेघना हात पसरून धावली, ती थेट कॅमेऱ्यासमोर.

"काकू!" मैत्रीण ओरडली. शाल्मलीने नुसतं गाणं बंद केलं, आणि तेच मेघनाला जास्त लागलं.

संध्याकाळी शाल्मलीने तोच तुकडा लॅपटॉपवर निम्म्या वेगावर आणला आणि त्याला मूळ वेगातलं गाणं जोडलं. वेणी सावकाश हवेत उचलली गेली. ओठ शब्दन्शब्द गाण्याशी जुळले. मेघना बघतच राहिली. हिला हे शिकवलं तरी कुणी? मग कडेने मेघनाची स्वतःची ओढणी, पसरलेले हात, घाबरलेला चेहरा तरंगत आला.

"काढून टाक गं मला."

"छे, तू राहणार. पण शेवटाला नुसती माझी एक उडी हवीये. उद्या मारू?"

'नको' अगदी ओठांवर आलं होतं.

"मार," मेघना म्हणाली. "गाणं मी लावते. दुप्पट वेगानेच ना?"